थकलेल्या माणसाआधी ड्युटीची यादी तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयातील इतर कर्मचाऱ्यांच्या मानसिक थकव्याविषयीचे लेख अलीकडे वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळतात. ३३ वर्षे परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारखीला याचे समाधानच वाटते. परंतु त्यांतल्या बहुतेक लेखांचा शेवट ध्यान, श्वसनाचे व्यायाम, एखादा छंद, पुरेशी झोप आणि सकारात्मक विचार अशा सल्ल्यांनी होतो, आणि तो वाचताना ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आठवल्याशिवाय राहत नाही. पुरेशी झोप घ्यावी हे ज्या परिचारिकेला सांगितले जाते, तिच्या झोपेची वेळ तिने ठरवलेली नसते, तर ती ड्युटीच्या यादीने ठरवलेली असते, आणि ती यादी कोणी, कशाच्या आधारावर आणि किती माणसे गृहीत धरून केली, हा प्रश्न त्या लेखांत कुठेच येत नाही. तो विचारला जावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

प्रथम शब्दाविषयी. ‘बर्नआउट’ला आपण सर्रास ‘थकवा’ म्हणतो आणि तिथेच गफलत होते, कारण थकवा झोपेने आणि सुटीने जातो, हा जात नाही. विहिरीचा उपसा पाझरापेक्षा सतत जास्त राहिला की ती एका रात्रीत कोरडी पडत नाही, पण एक दिवस पोहरा नुसताच खडकावर आपटतो. मला हे ‘आटणे’ जवळचे वाटते. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेविषयी पहिल्यांदा सविस्तर लिहिले, तेव्हा त्यांना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली होती : आटून जाणारे लोक कामचुकार नव्हते, उलट सर्वांत निष्ठेने काम करणारे होते. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्यासाठी २२ विधानांची प्रश्नावली तयार केली आणि तिचे तीन पैलू सांगितले : भावनिक शक्ती संपणे, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणे सुटणे, आणि आपल्या हातून काही चांगले घडते आहे ही जाणीव मावळणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याची नोंद केली, तीही आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून. या व्याख्येतच माणसाच्या स्वभावाचा उल्लेख नाही आणि कामाच्या ठिकाणाचा आहे, याकडे व्यवस्थापनांचे लक्ष सोयीस्करपणे जात नाही.

वरच्या तीन पैलूंपैकी दुसऱ्याविषयी मला स्वतःच्या अनुभवातले सांगायचे आहे, कारण त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. नोकरीच्या अठराव्या की एकोणिसाव्या वर्षी मी एका मोठ्या रुग्णालयात पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात नाइटला होते. वॉर्डात ३८ रुग्ण आणि आम्ही दोघी. त्यांतली एक रात्री दीडच्या सुमारास एका रुग्णाबरोबर स्कॅनसाठी गेली आणि पहाटेपर्यंत अडकून पडली. चार वाजता एका वृद्ध रुग्णाने प्राण सोडला. डॉक्टर आले, करायचे ते सर्व केले, नातेवाइकांना सांगून झाले, कागदपत्रे झाली, आणि मृतदेह हलवल्यानंतर मी चादर बदलत असताना माझ्या मनात जे आले ते अक्षरशः असे होते : चला, सकाळच्या सहाच्या इंजेक्शनांमधले एक कमी झाले. या गृहस्थांशी मी आठ दिवस बोलत होते, त्यांच्या नातवाचे नाव मला माहीत होते. त्या क्षणी मला वाईट वाटले नाही. वाईट वाटले नाही, याचे वाईट मला दोन दिवसांनी वाटले आणि मग ते बराच काळ गेले नाही.

मी निर्दय बाई नाही, असे मला वाटते. निदान माझ्याबरोबर काम केलेले लोक तसे म्हणतील. पण ज्या रात्री ३८ माणसांचे सलाइन, सक्शन, ताप, शुगर, लघवीची पिशवी आणि ‘सिस्टर, जरा इकडे या’ हे सारे एका माणसाच्या अंगावर येते, त्या रात्री मन स्वतःच्या बचावासाठी रुग्णांचे खाटांच्या क्रमांकांत रूपांतर करून टाकते. बारा नंबरला सलाइन, सतराला सक्शन. ही निष्ठुरता त्या अवस्थेचे लक्षण आहे, पण बाहेरून पाहणाऱ्याला ती स्वभावाचा दोष वाटते, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना तर ‘इथल्या सिस्टर बोलतसुद्धा नाहीत धड’ एवढेच दिसते. त्यांचेही चुकत नाही.

आता या उपशाचे मोजमाप. एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, ही बाब मर्जीची किंवा बजेटमध्ये काय बसते याची नाही, हे लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखवून दिले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांतील दहा हजारांहून अधिक परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले दोन लाखांहून अधिक रुग्ण यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यात असे आढळले, की परिचारिकेकडील रुग्णांत सरासरी एकाची भर पडली, की रुग्णाचा ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि त्या परिचारिकेची बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ज्या एका कारणाने परिचारिका आटते, त्याच कारणाने रुग्णही दगावतो. या दोन गोष्टी वेगळ्या काढून एकीसाठी समुपदेशक आणि दुसरीसाठी चौकशी समिती नेमणे मला कधीच समजलेले नाही.

कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून आणि २००४ पासून तो अमलात आणून परिचारिका व रुग्ण यांचे किमान प्रमाण बांधून दिले. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेमागे दोनच रुग्ण, सर्वसाधारण वॉर्डात पुढे पाच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये आपल्या २७ सार्वजनिक रुग्णालयांतील ठरावीक वॉर्डांत दिवसा एकीमागे चार आणि रात्री एकीमागे सात रुग्ण, असे सरासरी प्रमाण लागू केले. या बदलाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण लवकर घरी जाणे आणि पुन्हा दाखल व्हावे न लागणे यांतून वाचलेला खर्च हा वाढवलेल्या परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक होता, असे त्यात दिसून आले. तेव्हा ‘माणसे वाढवणे परवडत नाही’ हे वाक्य ज्या हिशेबावर उभे आहे, त्या हिशेबात जमेची बाजू मांडलेलीच नसते.

शिवाय कागदावरचे प्रमाण आणि वॉर्डातले प्रमाण यांत फरक असतो, हे आत काम केलेल्यालाच कळते. कागदावर तीन परिचारिका असतात. त्यांतली एक प्रसूती रजेवर असते आणि तिच्या जागी कोणी आलेले नसते, एक रुग्णाला घेऊन तपासणीसाठी गेलेली असते, आणि उरलेली एक फोन उचलणे, औषधे मोजून घेणे, नातेवाइकांना समजावणे, बंद पडलेल्या यंत्रासाठी माणूस बोलावणे आणि रिकाम्या सिलिंडरचा पाठपुरावा करणे ही कामे करत असते. त्यांना ‘नर्सिंग’ म्हणत नाहीत, पण ती नर्सनेच करायची असतात. वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांची पदे रिकामी राहिली की त्यांच्या वाट्याची कामेही निमूटपणे वरच्या पायरीवर सरकतात. आणि जे वॉर्डबॉय कामावर असतात, त्यांच्या आटण्याची तर कोणी प्रश्नावलीसुद्धा भरून घेत नाही.

झोपेच्या बाबतीत डॉक्टरांची, विशेषतः शिकाऊ निवासी डॉक्टरांची स्थिती आमच्याहून वाईट असते, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते आणि २४ तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते, हे १९९७ मध्येच एका प्रयोगातून दिसून आले आहे. त्या अवस्थेत गाडी चालवणाऱ्याला पोलीस अडवतात, आणि त्याच अवस्थेतल्या डॉक्टरला आपण ‘एक लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढणे) राहिले आहे, तेवढे करून टाक’ असे सांगतो. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यानंतर काही तासांतच मरण पावली, आणि तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर किती तास सलग काम करत होते आणि त्यांच्यावर देखरेख किती होती, यावर मोठे वादळ उठले. त्यातून १९८९ मध्ये त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची आणि सलग २४ तासांची मर्यादा आली, २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा अमेरिकेतील सर्व निवासी डॉक्टरांना लागू झाली. युरोपीय संघाच्या नियमांत आठवड्याला सरासरी ४८ तास आणि दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांती अशी तरतूद आहे. अतिदक्षता विभागातील शिकाऊ डॉक्टरांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जुन्या पद्धतीच्या लांब पाळ्यांमध्ये त्यांच्या हातून होणाऱ्या गंभीर चुका छोट्या पाळ्यांच्या तुलनेत सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त आढळल्या.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०११ मध्ये अमेरिकेने पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांसाठी सलग १६ तासांची मर्यादा आणली आणि २०१७ मध्ये ती मागे घेतली, कारण तास कमी झाले तशी रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात सोपवण्याची वेळ अधिक वेळा येऊ लागली, आणि काम तेवढेच ठेवून ते कमी तासांत कोंबले जाऊ लागले. आम्ही परिचारिका ज्याला ‘ओव्हर देणे’ म्हणतो, त्यात एक वाक्य राहून गेले तर काय होते हे मला ठाऊक आहे. तेव्हा नुसते तास कापून भागत नाही. तास कापताना माणसे वाढवावी लागतात आणि ओव्हर देण्या-घेण्यासाठी पाळीत वेळ धरावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो वेळ पाळीत धरलेलाच नसतो, आठची पाळी सुटते साडेआठला, पावणेनऊला, आणि तो अर्धा तास कोणाच्याच हिशेबात नसतो.

यानंतर कागद. माझ्या उमेदवारीच्या काळात केसपेपर हा रुग्णाविषयी असे; निवृत्त होईपर्यंत तो रुग्णालयाच्या बचावाविषयी झाला होता. एकच रक्तदाब तीन ठिकाणी लिहायचा, एकच औषध दोन वह्यांत आणि एकदा संगणकावर चढवायचे, आणि तपासणी पथक येणार असले की मागच्या महिन्याच्या रिकाम्या जागा भरत बसायचे. संगणक आल्याने हे कमी होईल असे आम्हाला सांगितले होते. अमेरिकेतील ५७ डॉक्टरांच्या कामाचे प्रत्यक्ष निरीक्षण करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असे दिसले, की रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरची कामे यांत जातात, आणि त्यावर घरी नेलेले काम वेगळेच. रुग्णाला हात लावण्यासाठी या व्यवसायात आलेल्या माणसाचे दोन तृतीयांश आयुष्य कळफलकावर जात असेल, तर त्याला ‘आपण नेमके काय करतो आहोत’ असे वाटू लागणे हा मनोविकार नव्हे.

यंत्रांच्या गजराचेही तसेच आहे. एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागांच्या ७७ खाटांवरील यंत्रांनी ३१ दिवसांत २५ लाखांहून अधिक इशारे दिल्याची आणि दर खाटेमागे दिवसाला १८७ वेळा प्रत्यक्ष आवाज झाल्याची नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. हृदयाच्या लयीविषयीचे जे इशारे तज्ज्ञांनी तपासून पाहिले, त्यांतले बहुसंख्य खोटे होते. निवृत्तीनंतर कितीतरी महिने मला घरात मिक्सर बंद झाल्यावरही तो टिंटिं आवाज ऐकू येत असे. हे गमतीने सांगते आहे, पण पूर्णपणे गमतीने नाही.

एवढे सगळे असूनही माणसे टिकतात, कारण कष्टाने माणूस सहसा मोडत नाही. त्याला मोडते ती वेगळी गोष्ट. अँड्र्यू जेम्टन या तत्त्वचिंतकाने १९८४ मध्ये परिचारिकांच्याच कामाचा विचार करताना तिला नाव दिले : नैतिक क्लेश. काय करणे योग्य आहे हे कळत असते, आणि संस्थेच्या चौकटीमुळे ते करता येत नाही. कुशीवर वळवले नाही तर या रुग्णाला पाठीला जखम होणार हे मला माहीत आहे, दर दोन तासांनी वळवायचे हे मीच विद्यार्थिनींना शिकवते, आणि रात्रभरात मी त्याला एकदाच वळवू शकते. आठव्या दिवशी जखम होते. ती जखम मी केलेली नाही, पण ती रोज स्वच्छ मीच करते. मरणासन्न आजीचा हात धरून पाच मिनिटे बसायला हवे आहे आणि पलीकडे सलाइन संपत आले आहे. असे प्रसंग एका पाळीत दहा-बारा वेळा येतात, आणि दर वेळी माणूस स्वतःशी थोडा खोटा ठरतो. ‘तुझी सहनशक्ती वाढव’ हा सल्ला अशा माणसाला दिला जातो, तेव्हा त्याचा अर्थ खरे तर एवढाच होतो, की जे चुकीचे आहे असे तुला वाटते ते तुला चुकीचे वाटू नये.

चूक झाल्यानंतर काय होते, हा पुढचा भाग. अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये एका लेखात, चुकीमुळे इजा झालेला रुग्ण हा पहिला बळी आणि ज्याच्या हातून ती चूक झाली तो आरोग्यसेवक हा दुसरा बळी, अशी मांडणी केली. रुग्ण दगावलेल्या कुटुंबासमोर ‘दुसरा बळी’ हा शब्द उच्चारावा असे मला वाटत नाही, पण ज्या अवस्थेकडे तो बोट दाखवतो ती खरी आहे. माझ्या एका सहकारी मुलीच्या हातून दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्यांमध्ये अदलाबदल झाली. रुग्ण सुदैवाने वाचला. तिला मेमो मिळाला, तिची बदली झाली, आणि त्या दोन कुप्या त्याच कप्प्यात शेजारी शेजारी तशाच राहिल्या. पुढच्या वेळी कोणाच्या हातून असे घडले तर ती ते सांगणार नाही, हे त्या दिवशी सगळा वॉर्ड शिकला.

बोलता न येणे हे आटण्याचे मोठे कारण आहे आणि ते आमच्या व्यवसायाच्या उतरंडीत मुरलेले आहे. वरिष्ठ डॉक्टर निवासी डॉक्टरला ओरडतात, निवासी डॉक्टर सिस्टरला, सिस्टर विद्यार्थिनीला आणि सगळे मिळून वॉर्डबॉयला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातल्या आरोग्य व समाजसेवेच्या मनुष्यबळात सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत आणि वरिष्ठ पदांवर मात्र त्या सुमारे २५ टक्केच आहेत. म्हणजे ज्यांच्या अंगावर यादी पडते आणि जे ती यादी करतात, ते बहुधा वेगवेगळे लोक असतात. नातेवाइकांकडून होणारी मारहाण आणि शिवीगाळ यांवर पुष्कळ लिहिले जाते, त्यात भर घालत नाही. फक्त एवढेच नोंदवते, की मारहाण झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच ड्युटीवर उभे राहायला लावणे ही दुसरी मारहाण असते, आणि ती करणारे बाहेरचे नसतात.

कोविडच्या साथीचाही उल्लेख करायला हवा, कारण ‘सारे त्या साथीने झाले’ असा एक समज आहे. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक कोविडने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या काळाविषयी मी काही बोलू नये, इतके ते दुःख मोठे आहे. पण अमेरिकेतील डॉक्टरांच्या पाहणीत बर्नआउटचे किमान एक लक्षण असलेल्यांचे प्रमाण साथीच्या आधी, २०११ मध्येच सुमारे ४६ टक्के होते. २०२१ मध्ये ते सुमारे ६३ टक्क्यांवर गेले. साथीच्या आधीच पाणी तळाला लागले होते. साथीच्या काळात लोकांनी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या, ते प्रेम खरेच होते. मात्र वीर ठरवलेल्या माणसाला रजा मागता येत नाही, हेही आम्हाला त्याच काळात कळले.

उपायांवर संशोधन झालेच नाही असे नाही. डॉक्टरांसाठी केलेल्या उपायांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पाळ्या, कामाचा बोजा आणि कामाची रचना बदलणारे संस्थात्मक उपाय हे केवळ व्यक्तीला उद्देशून केलेल्या उपायांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतात, असे त्यात दिसले. ध्यानाने कोणाला बरे वाटत असेल तर त्याने जरूर करावे, मीही करते. पण आमच्या रुग्णालयात एकदा ताणतणाव निवारणाची कार्यशाळा झाली होती, ती नाइट संपवून आलेल्यांना सकाळी दहा वाजता सक्तीची होती, आणि सभागृहातल्या निम्म्या बायका खुर्चीतच झोपल्या. व्याख्यात्यांना वाईट वाटले असावे; आमच्यापुरती मात्र ती कार्यशाळा पूर्ण यशस्वी झाली.

ज्याला फार पैसे लागत नाहीत, असे पुष्कळ काही करता येते. पुढच्या महिन्याची यादी निदान पंधरा दिवस आधी लावावी, म्हणजे घरच्या माणसाचे दवाखाने आणि मुलांच्या परीक्षा यांच्याशी ती जुळवता येते. नाइटनंतर त्याच दिवशी दुपारची पाळी लावू नये. एकच नोंद दोनदा लिहायला लावणारी प्रत्येक वही शोधून बंद करावी. चूक सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, असे लेखी द्यावे आणि ते पाळावे. आणि जेवणाची अर्ध्या तासाची सुटी ही खरोखर अर्ध्या तासाची असावी, त्यासाठी तेवढ्या वेळापुरते दुसरे माणूस वॉर्डात उभे करावे. हे लिहितानाही मला संकोच वाटतो, कारण ३३ वर्षांच्या नोकरीनंतर मी मागते आहे ते बसून जेवण्याची वेळ आहे. माणसे वाढवायला पैसे लागतात हे खरेच, पण सोडून जाणाऱ्या अनुभवी परिचारिकेच्या जागी नवी आणून तिला तयार करायलाही ते लागतात, आणि ते खर्च होतच असतात.

माझ्या पिढीचा यावरचा आक्षेप मला चांगला ठाऊक आहे : ‘आम्ही नाही का केले?’ केले. मीही हेच वाक्य अनेकींना ऐकवले आहे. नाइटला रडू आलेल्या एका नव्या मुलीला मी म्हटले होते, की सवय होईल. तिने सहा महिन्यांत नोकरी सोडली आणि पुन्हा या व्यवसायात आली नाही. ती आमच्या वॉर्डातली सर्वांत हळुवार हाताची मुलगी होती, मुलांची शीर तिला पहिल्या प्रयत्नात सापडत असे. मला सवय झाली, हे मी अभिमानाने सांगत असे. ती सवय म्हणजे काय होती, ते वर चादर बदलतानाच्या प्रसंगात सांगितले आहे.

शेवटी आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती आहे. रुग्णालयातील मृत्यूची किंवा चुकीच्या इंजेक्शनची बातमी येते, तेव्हा मथळ्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द बहुधा पहिल्याच दिवशी येतो. तो खरा असू शकतो. आमच्यातही कामचुकार आहेत आणि त्यांना पाठीशी घालावे असे मी म्हणत नाही. परंतु विमानाला अपघात होतो तेव्हा वैमानिक किती तास ड्युटीवर होता, हा तपासातल्या पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो. तेच दोन-तीन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना किंवा व्यवस्थापनाला विचारावेत : त्या पाळीत त्या वॉर्डात किती रुग्ण होते, किती परिचारिका आणि डॉक्टर प्रत्यक्ष हजर होते, आणि संबंधित व्यक्ती सलग कितव्या तासाला काम करत होती. उत्तर मिळाले तर ते आरोपाच्या शेजारी छापावे, आणि मिळाले नाही तर मिळाले नाही असे छापावे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)